चाकरी आणि कादंबरीचा घाट

कादंबरीकाराच्या चरित्रात त्याच्या नोकरीला सामान्यतः एका ओळीचेच स्थान मिळते. अमुक कचेरीत इतकी वर्षे सेवा केली, अमुक हुद्द्यावरून निवृत्ती घेतली, एवढे नोंदवून चरित्रकार लेखकाच्या 'खऱ्या' जीवनाकडे वळतो. समीक्षकही बहुधा हीच वाट चोखाळतो. नोकरी म्हणजे लेखनाच्या वेळेवर पडलेला दरोडा. तो पडूनही जे हाती राहिले ते वाङ्मय, असे या दृष्टीचे सार सांगता येईल. हा समज अगदीच निराधार नाही. परंतु त्यात एक मूलभूत प्रश्न वगळला जातो. माणूस दिवसाचे आठ-दहा तास ज्या व्यवहारात घालवतो, त्या व्यवहाराचा त्याच्या कादंबरीच्या आशयावर आणि विशेषतः घाटावर काहीच परिणाम होत नसेल काय? होत असेल, तर तो चरित्राच्या तळटीपेत ढकलण्याचा विषय उरत नाही. तो समीक्षेचाच विषय ठरतो.

रायपूरच्या समता कॉलोनीसारख्या वसाहतीत या प्रश्नाला एक स्थानिक संदर्भही आहे. लगतच्या चौबे कॉलोनीत महाराष्ट्र मंडळाची वास्तू आहे. भोसल्यांच्या अमलापासून या प्रदेशाशी मराठी माणसाचा संबंध आला; पुढे मध्य प्रांत आणि वऱ्हाडची राजधानी नागपूर असेपर्यंत, म्हणजे १९५६ पर्यंत, शाळा, न्यायालये आणि सरकारी कचेऱ्या यांच्या निमित्ताने मराठी कुटुंबे छत्तीसगडात येत राहिली आणि येथेच रुजली. येथील मराठी समाज मोठ्या अंशी चाकरीनेच घडवलेला आहे. योगायोग असा की, नोकरी करता करता कादंबरीकार होण्याचा अर्थ काय, याचे अलीकडच्या भारतीय वाङ्मयातील सर्वांत अर्थपूर्ण उदाहरण याच शहराने दिले. ते उदाहरण विनोदकुमार शुक्ल यांचे. लेखन हिंदीतील, परंतु त्यातून उभा राहणारा प्रश्न मराठी कादंबरीला परका नाही.

या उदाहरणाकडे येण्यापूर्वी एक ऐतिहासिक वस्तुस्थिती ध्यानात घ्यावयास हवी. भारतीय भाषांत कादंबरी जन्माला आली ती पूर्णवेळ लेखकांच्या हातून नव्हे. 'दुर्गेशनंदिनी' १८६५ मध्ये प्रसिद्ध झाली तेव्हा बंकिमचंद्र सरकारी सेवेत दंडाधिकारी होते, आणि १८९१ पर्यंत ते त्या सेवेत राहिले. मल्याळममध्ये १८८९ साली 'इंदुलेखा' लिहिणारे चंदू मेनन न्यायखात्यात अधिकारी होते; ओडिया कादंबरीचे आद्य शिल्पकार फकीरमोहन सेनापती यांनी अनेक संस्थानांची दिवाणगिरी केली. मराठीत 'यमुनापर्यटन' (१८५७) लिहिणारे बाबा पदमनजी ख्रिस्ती धर्मकार्यात गुंतलेले होते. 'मोचनगड' (१८७१) लिहिणारे गुंजीकर शिक्षणखात्यातील होते. आणि मराठी कादंबरीला प्रौढत्व देणारे हरिभाऊ आपटे पुण्याच्या आनंदाश्रमाचे व्यवस्थापन पाहत होते. 'मधली स्थिती' १८८५ मध्ये 'पुणे वैभवा'त क्रमशः येऊ लागली. १८९० पासून 'करमणूक' हे त्यांचे स्वतःचे साप्ताहिक निघू लागले. आठवड्याला एक प्रकरण हा कादंबरीचा विस्तार वाढवणारा आणि बांध सैल करणारा घाट त्या साप्ताहिकाच्या वेळापत्रकाने घडवला. लेखकाचा वेळ कोणाच्या हुकमतीखाली आहे, हे कादंबरीच्या रचनेत उमटल्याशिवाय राहत नाही, याचा हा मराठीतील पहिला मोठा पुरावा.

तेव्हा आपल्याकडे 'नोकरी करणारा कादंबरीकार' हा अपवाद नसून नियम आहे. पाश्चात्त्य वाङ्मयातही याचे दाखले आहेत. अँथनी ट्रोलप १८३४ ते १८६७ इंग्लंडच्या टपालखात्यात होता. पहाटे उठून, घड्याळ समोर ठेवून, ठरावीक शब्द लिहून तो कामावर जाई. त्याच्या मृत्यूनंतर १८८३ मध्ये आत्मचरित्र प्रसिद्ध झाले आणि हा हिशेब उघड झाला, तेव्हा रसिकांच्या मनातून तो काहीसा उतरला. प्रतिभेला हजेरीपट असावा, हे त्यांना रुचले नाही. याउलट प्राग येथील कामगार-अपघात विमा संस्थेत १९०८ ते १९२२ या काळात काम करणाऱ्या काफ्काचा हिशेब कधी जुळलाच नाही. रात्री लिहावे, दिवसा नोकरीला शिव्या द्याव्यात, आणि कादंबऱ्या अपुऱ्या ठेवाव्यात, असे त्याचे जीवन. परंतु ज्या कार्यालयाचा त्याने तिरस्कार केला, त्या कार्यालयाची दारे, जिने, अर्ज आणि न संपणारी वाट पाहणे यांनीच त्याच्या कादंबऱ्यांचे विश्व उभे आहे. ट्रोलपला नोकरीने शिस्त दिली. काफ्काला नोकरीने घाट दिला. या दोन गोष्टी एक नव्हेत, आणि प्रस्तुत विवेचनाचा गाभा या भेदातच आहे.

मराठी कादंबरीत नोकरी आणि निर्मिती यांचे संबंध प्रामुख्याने तीन प्रकारचे दिसतात. पहिला प्रकार अंतराचा. श्री. ना. पेंडसे यांचे उदाहरण येथे निर्णायक ठरावे. दापोलीजवळच्या मुर्डी गावी १९१३ मध्ये जन्मलेल्या पेंडशांनी मुंबईत बेस्टच्या वाहतूक-वीज उपक्रमात दीर्घकाळ नोकरी केली. त्या उपक्रमाचा इतिहासही इंग्रजीत लिहिला. परंतु 'एल्गार' (१९४९), 'हद्दपार' (१९५०), 'गारंबीचा बापू' (१९५२) आणि साहित्य अकादमी पुरस्कार मिळवणारे 'रथचक्र' (१९६२) यांत मुंबईच्या बसगाड्या नाहीत. आहे ते हर्णै-दापोलीच्या परिसरातील कोकण. वरवर पाहता येथे नोकरीचा लेखनाशी संबंधच उरलेला नाही. पण थोडे खोलात गेले की वेगळे चित्र दिसते. गारंबीचे कोकण इतके ठसठशीत, इतके पूर्ण आणि इतके स्वयंशासित भासते, कारण ते रोज डोळ्यांसमोर नाही. शहरातील चाकरीने गाव हिरावले, आणि हिरावलेले गाव स्मृतीत घट्ट होत गेले. चाकरमान्याच्या मनातील गाव हा पेंडशांच्या प्रादेशिकतेचा मूळ साचा आहे. त्यांनी 'लव्हाळी' (१९६६) मध्ये मुंबईतील मध्यमवर्गाकडे मोहरा वळवला, तेव्हा त्यांना कथनाचा घाटच बदलावा लागला. ती कादंबरी रोजनिशीच्या रूपाने आली. गावाला कथानक होते, शहरी चाकरीला केवळ तारखा, असेच जणू या बदलातून सूचित होते.

दुसरा प्रकार सामग्रीचा. येथे नोकरी लेखकाला अशा जीवनखंडात नेऊन सोडते, जेथे तो एरवी कधी गेला नसता. 'विभावरी शिरूरकर' या टोपणनावाने लिहिणाऱ्या मालतीबाई बेडेकर यांचे उदाहरण या बाबतीत अधिक विचारात घ्यावयास हवे. शिक्षणक्षेत्रात काम करणाऱ्या स्त्रीला 'कळ्यांचे निःश्वास' (१९३३) आणि 'हिंदोळ्यावर' (१९३४) ही पुस्तके स्वतःच्या नावाने प्रसिद्ध करणे शक्य झाले नाही. त्या पुस्तकांवर उठलेले वादळ पाहता टोपणनाव ही हौस नव्हती, उपजीविकेचे आणि प्रतिष्ठेचे ते कवच होते, हे उघड आहे. पुढे तथाकथित गुन्हेगार जमातींच्या वसाहतीशी त्यांचा शासकीय सेवेच्या निमित्ताने संबंध आला, आणि त्या अनुभवातून 'बळी' (१९५०) ही कादंबरी निर्माण झाली. काटेरी कुंपणाच्या आतील ते जग मध्यमवर्गीय मराठी कादंबरीच्या नजरेपलीकडचे होते. नोकरीने ते दार उघडले. परंतु दार उघडणारी किल्ली ही कुंपणाचीच किल्ली होती, ही अस्वस्थ जाणीव 'बळी'त आहे. म्हणून ती कादंबरी केवळ माहितीपट राहत नाही.

याच प्रकारात विश्वास पाटील यांची 'झाडाझडती' (१९९१) येते. धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचे शासकीय यंत्र आतून कसे चालते, याचे इतके तपशीलवार ज्ञान यंत्राबाहेरच्या लेखकाला होणे अवघड होते. त्या कादंबरीचे बळ जसे या ज्ञानात आहे, तशी तिची मर्यादाही त्यातच आहे. कागदपत्रे, नोटिसा, सर्वेक्षणे यांचा भार वाढतो तेव्हा कादंबरी प्रकरणाच्या फाइलीसारखी पुढे सरकू लागते. अनुभव विपुल असणे आणि अनुभवाला रूप मिळणे यांतील दरी अशा ठिकाणी जाणवते. अधिकारपदावरील लेखकाने केवळ 'आतली हकिगत' सांगितली म्हणून तिला कादंबरीचा दर्जा देण्याची घाई मराठी समीक्षेने अनेकदा केली आहे, आणि त्याचे मोल नवोदित लेखकांनाच द्यावे लागले. आपल्या खात्याची माहिती हीच आपली प्रतिभा, असा त्यांचा ग्रह होऊन बसला.

व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५) या दोन प्रकारांच्या सीमेवर उभी आहे. तिचा निवेदक तरुण शिक्षक आहे. नेमणुकीचा हुकूम नसता तर तो त्या धनगरवाडीत गेलाच नसता. येथे नोकरी विषय नाही, आणि नुसती सामग्रीही नाही. ती कादंबरीचा उंबरठा आहे. निवेदक हुकमाने येतो आणि हुकमानेच जातो, आणि या दोन टोकांमध्ये वाडीचे जीवन स्वतःच्या गतीने घडते. तिसऱ्या प्रकाराची पूर्वछाया या रचनेत आहे.

तिसरा प्रकार घाटाचा. आणि येथे पुन्हा रायपूरकडे यावयास हवे. विनोदकुमार शुक्ल यांचा जन्म १ जानेवारी १९३७ रोजी राजनांदगाव येथे झाला. शिक्षण कृषिशास्त्राचे, आणि नोकरी रायपूरच्या कृषी महाविद्यालयात, जे पुढे १९८७ मध्ये स्थापन झालेल्या इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयाचा भाग झाले. १९५८ मध्ये राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात गजानन माधव मुक्तिबोध अध्यापक म्हणून आले, आणि तरुण शुक्लांच्या कवितेला पहिला जाणता वाचक मिळाला. मराठी घरात जन्मलेला आणि हिंदीत लिहिणारा हा कवी नोकरीच्या अस्थैर्याने गावोगाव हिंडला होता. स्वतःचा पहिला स्वतंत्र कवितासंग्रह पाहण्याचे भाग्य त्याला लाभले नाही. १९६४ मध्ये तो संग्रह आला तो मृत्यूच्या सावलीत. खाजगी संस्थेच्या छत्राखाली बुद्धिजीवी माणूस कसा मिंधा होत जातो, याचे चित्रण मुक्तिबोधांच्या 'विपात्र' या मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या लघुकादंबरीत आहे. त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध नागपुरात मराठीचे अध्यापन करीत 'क्षिप्रा' (१९५४), 'सरहद्द' (१९६२) आणि 'जन हे वोळतु जेथे' (१९६९) ही कादंबरीत्रयी लिहीत होते. एकाच घरातील दोन भाऊ, दोन भाषा, आणि दोघांपुढे एकच पेच. पोटासाठी जेथे मान तुकवावी लागते, तेथे विचाराचे काय होते? शुक्लांनी हा पेच वारशाने घेतला. पण त्याचे उत्तर त्यांनी वैचारिक भाषेत न देता एका सदऱ्याच्या रूपात दिले.

'नौकर की कमीज' १९७९ मध्ये प्रसिद्ध झाली तेव्हा लेखक बेचाळीस वर्षांचा होता. कथावस्तू अगदी लहान आहे. संतूबाबू हा कचेरीतील नवविवाहित कारकून. साहेबाने आदर्श नोकराच्या मापाचा एक सदरा शिवून ठेवला आहे. तो ज्याच्या अंगाला बसेल तो नोकर योग्य. हा सदरा संतूच्या अंगाला बसतो. अंगाप्रमाणे कपडा शिवण्याऐवजी कपड्याप्रमाणे अंग शोधायचे, या एका उलट्या व्यवहारात लेखकाने नोकरशाहीचे सारे तत्त्वज्ञान साठवले आहे. कचेरीतील बाबूंनी साहेबाच्या बंगल्यावरील बागेत गवत उपटावे, आणि त्यात कोणाला काही वावगे वाटू नये, अशा प्रसंगांत विनोद आणि भय एकमेकांत मिसळून जातात. शेवटी सदरा फाडला जातो, जाळला जातो. पण ज्या मापाने तो शिवला ते माप जळत नाही, याची बोच वाचकाच्या मनात उरते.

येथे ध्यानात घेण्याची गोष्ट अशी की, शुक्लांनी कृषी महाविद्यालयावर कादंबरी लिहिली नाही. आपल्या खात्याची 'आतली हकिगत' त्यांनी सांगितली नाही. नोकरीतून त्यांनी प्रसंग उचलले नाहीत. त्यांनी उचलली ती नोकरीची लय. कचेरीतील दिवसाला कथानक नसते. त्याला पुनरावृत्ती असते. तीच वाट, तीच खुर्ची, तेच वाक्य थोड्या फरकाने पुन्हा. शुक्लांचे गद्य नेमके असेच चालते. एखादी क्षुल्लक गोष्ट ते वाक्यात उचलतात, फिरवून पाहतात, पुन्हा ठेवतात. आणि तिसऱ्या खेपेला ती गोष्ट अद्भुत होऊन बसलेली असते. कंटाळ्याच्या लयीतून आश्चर्याचा प्रत्यय घडवणे, हे त्यांच्या शैलीचे मर्म होय. पूर्ण फुरसतीतल्या लेखकाला ही लय सुचणे कठीण होते.

'दीवार में एक खिड़की रहती थी' (१९९७) या कादंबरीत हे तत्त्व अधिक निर्मळ रूपात दिसते. रघुवर प्रसाद एका लहान महाविद्यालयात गणित शिकवतो. रोज गर्दीच्या टेंपोतून कामावर जाणे ही त्याची यातना. मग एक साधू त्याला हत्तीवरून नेऊ लागतो. त्याच्या एका खोलीच्या घराला एक खिडकी आहे. तिच्यातून तो आणि त्याची पत्नी सोनसी पलीकडे उतरतात, तेव्हा नदी, तळी आणि स्वच्छ वाटा असलेले एक जग त्यांना भेटते. ही पळवाट नव्हे काय, असा आक्षेप सहज सुचेल. परंतु खिडकीपलीकडे गेलेला रघुवर प्रसाद दुसऱ्या दिवशी कामावर हजर असतो. खिडकी भिंतीला पर्याय नाही; भिंत आहे म्हणूनच खिडकी आहे. नोकरी आणि निर्मिती यांचा संबंध याहून नेमक्या प्रतिमेत क्वचितच कोणी मांडला असेल. १९९९ चा साहित्य अकादमी पुरस्कार या कादंबरीस मिळाला, आणि त्याच वर्षी मणि कौल यांनी 'नौकर की कमीज'वर चित्रपट केला.

मात्र येथवर येऊन थांबले तर नोकरीचे उदात्तीकरण केल्याचा दोष पत्करावा लागेल. कारण भिंतीला खिडकी असते हे खरे, तरी सर्वांच्याच भिंतीला ती असते असे नाही. शुक्लांच्या वाट्याला अध्यापनाची स्थिर नोकरी आली. १९९४ ते १९९६ या काळात निराला सृजनपीठाचा अवकाशही मिळाला. विदर्भातील उद्धव शेळके यांच्या वाट्याला हे आले नाही. 'धग' (१९६०) सारखी असामान्य कादंबरी लिहिलेल्या या लेखकाने पुढे लेखनावरच संसार चालवण्याचा मार्ग धरला, आणि लोकप्रिय कादंबऱ्यांची रास उभी राहिली. त्या राशीत दुसरी 'धग' मात्र सापडत नाही. नोकरीने लेखक मारला जातो असे म्हणणाऱ्यांनी शेळक्यांचे उदाहरण आठवावे. बाजार हाही एक साहेब असतो, आणि त्यानेही आधीच एक सदरा शिवून ठेवलेला असतो.

स्त्रीलेखकांच्या बाबतीत तर हा हिशेब आणखी बिकट आहे. नोकरी करणाऱ्या पुरुषाची संध्याकाळ त्याच्या लेखनाला मिळते, कारण त्या संध्याकाळचा स्वयंपाक दुसरे कोणी करीत असते. 'नौकर की कमीज'मध्ये संतूची पत्नी घरमालकिणीच्या घरी कामाला ओढली जाते. कचेरीतील चाकरी आणि घरातील चाकरी या एकाच कापडाच्या आहेत, हे लेखकाने जाणले आहे. तरीही कथन संतूचे आहे. तिच्या सदऱ्याचे माप कोणी घेतले, हे सांगणारी कादंबरी वेगळी असती. मालतीबाईंना टोपणनावाची गरज भासली, आणि संतूच्या पत्नीला कथनच मिळाले नाही, या दोन गोष्टी दूरच्या नाहीत.

प्रकाशन आणि मानधन यांचाही विचार येथे अपरिहार्य आहे. कादंबरीवर निर्वाह होत नाही म्हणून लेखक नोकरी करतो. आणि लेखक नोकरी करतो, म्हणून त्याला मानधनाची गरज नाही असे गृहीत धरले जाते. या दुष्टचक्राला नोकरदार लेखकाची भिडस्त वृत्ती हातभार लावते. २०२२ मध्ये शुक्लांनी आपल्या पुस्तकांच्या अल्प मानधनाविषयी जाहीर खंत व्यक्त केली, तेव्हा हिंदी साहित्यजगतात मोठी खळबळ उडाली. त्यानंतर तीनच वर्षांनी, २०२५ मध्ये, सहा महिन्यांच्या मानधनापोटी त्यांना एका प्रकाशकाकडून ३० लाख रुपये मिळाले. तेव्हा त्यांचे वय ८८ होते. वाचक नव्हते असे नाही, हेच यातून सिद्ध झाले. वाचक आणि लेखक यांच्यामधला हिशेब लिहिणारा हात मात्र तेवढी वर्षे सैल राहिला होता. त्याच वर्षी २०२४ चा ज्ञानपीठ पुरस्कार त्यांना जाहीर झाला, आणि २३ डिसेंबर २०२५ रोजी रायपूर येथे त्यांचे निधन झाले. आयुष्यभर ज्या शहरात चाकरी केली, त्याच शहरात त्यांची कादंबरी अखेर स्वतःच्या पायावर उभी राहिलेली त्यांनी पाहिली. पण ते फार उशिरा.

एवढ्या विवेचनानंतर मूळ प्रश्नाचे उत्तर असे देता येईल. नोकरी कादंबरीला मारतही नाही आणि तारतही नाही. ती लेखकाला अंतर देते, सामग्री देते किंवा लय देते. यांपैकी काय घ्यावयाचे हे लेखकाच्या पिंडावर अवलंबून असते. अंतरातून पेंडशांचे कोकण घडले. सामग्रीतून 'बळी' घडली. लयीतून शुक्लांची खिडकी उघडली. सामग्रीवर विसंबणे सर्वांत सोपे आणि म्हणूनच सर्वांत धोक्याचे. लयीला रूप देणे सर्वांत अवघड. मराठीत आज शिक्षक, अधिकारी, डॉक्टर, अभियंते, बँकांतील कर्मचारी मोठ्या संख्येने कादंबरीकडे वळत आहेत. त्यांच्या कादंबरीत खाते किती खरे उतरले, एवढेच विचारून समीक्षेने थांबू नये. त्या खात्यात घालवलेल्या दिवसाचा श्वास त्यांच्या वाक्यात आला आहे की नाही, हे तिने पाहावे. साहेबाच्या मापाचा सदरा अंगावर वागवीत असतानाही ज्याने आपल्या वाक्याचे माप दुसऱ्याला घेऊ दिले नाही, तोच नोकरदार अखेर कादंबरीकार ठरतो.